बाहुली जेवते का?

सुरत शहराच्या आग्नेय बाजूस, उधन्याच्या पलीकडे, डिंडोली नावाची वस्ती आहे. उधन्याहून नंदुरबार-जळगावकडे जाणारा लोहमार्ग याच परिसराजवळून जातो, आणि त्याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे येऊन स्थिरावली. कोणी यंत्रमागावर, कोणी कापडाच्या कारखान्यात, कोणी साड्यांच्या घड्या घालण्याच्या कामावर लागले. येथल्या मुलाच्या तोंडी घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि चित्रपटामुळे हिंदी अशा चार भाषा सहज नांदतात. अशा वस्तीतील एखाद्या शाळेत बोलक्या बाहुलीचा खेळ झाला म्हणजे एक मौज हमखास पाहावयास मिळते. खेळ करणाऱ्याच्या गळ्याची हालचाल मुलांच्या नजरेतून सुटलेली नसते. आवाज त्याचाच आहे, बाहुलीच्या पाठीत त्याचाच हात आहे, हे पहिल्या बाकावरचा मुलगा शेजाऱ्याच्या कानात सांगूनही टाकतो. परंतु खेळ संपताच तोच मुलगा पुढे येतो आणि त्या गृहस्थांना नव्हे, बाहुलीला विचारतो, “तू जेवतेस का?” दुसरी मुलगी विचारते, “रात्री पेटीत तुला भीती वाटत नाही का?”

हा प्रश्न वरवर बालिश वाटतो. वस्तुतः जगातील कथाकारांनी फार जुन्या काळापासून याच प्रश्नाशी झुंज घेतली आहे. माणसांच्या जगात एखादी लाकडाची, मातीची, चिंध्यांची आकृती जिवंतपणे वावरू लागली, तर ते कसे घडले, याचा काही तरी उलगडा कथेने करावयास हवा. आणि तो उलगडा कोणत्या प्रकारचा आहे, यावर त्या कथेतील माणसांनी बाहुलीशी कसे वागावे हेही ठरते. म्हणून बाहुलीच्या कथा या एका अर्थाने माणसाच्या वर्तनाच्याच कथा होत.

आपल्याकडे बाहुलीचा विचार सूत्रापासून, म्हणजे दोऱ्यापासून सुरू होतो. संस्कृत नाटकातील सूत्रधार हा मुळात बाहुल्यांचे दोरे धरणारा असावा, असे मत जर्मन संस्कृतज्ञ रिचर्ड पिशेल यांनी १९०० साली मांडले. सूत्र म्हणजे रंगमंडप आखणाऱ्या स्थपतीची दोरी, असे दुसरे मतही आहे, आणि वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु दोऱ्याची कल्पना आपल्या विचारात किती खोल रुजली आहे, हे दाखविण्यास अन्य पुरावेही आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायात यंत्रावर बसविलेल्या आकृतींप्रमाणे ईश्वर भूतमात्रांना फिरवितो, असा विचार आला आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी ‘साइखडे’ हा कळसूत्री बाहुलीवाचक शब्द दृष्टांतासाठी योजिला आहे. आजही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ करितात. त्या परंपरेचे एक वारस परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. दोऱ्याच्या या दृष्टीने पाहिले, तर बाहुली माणसांत कशी आली हा प्रश्नच उलटा होतो. माणूस हाच मोठ्या हाताने हलविलेली बाहुली ठरतो, आणि लाकडाची बाहुली ही त्याची धाकटी बहीण. दोघे एकत्र वावरतात यात मग नवल कसले?

परंतु कथेला एवढ्याने समाधान होत नाही. कथेतील बाहुली दोरा तोडून चालू लागते, आणि तेथून पुढे निरनिराळे उलगडे सुरू होतात.

पहिला उलगडा कारागिराच्या कौशल्याचा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचिलेल्या ‘कथासरित्सागरा’त मयासुराची कन्या सोमप्रभा आपल्या कलिंगसेना नावाच्या मैत्रिणीकडे लाकडी बाहुल्यांची करंडी घेऊन येते. एक कळ दाबताच एक बाहुली आकाशमार्गे जाऊन फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी बोलते. हा जादूटोणा नव्हे. सोमप्रभा मैत्रिणीला शास्त्रच सांगते. आपल्या पित्याने पंचमहाभूतांवर आधारलेली यंत्रे निर्माण केली, असे ती म्हणते. पृथ्वीचे यंत्र दारे बंद करते, जलाच्या यंत्रातून जिवंत भासणारी आकृती होते, अग्नीच्या यंत्रातून ज्वाला निघतात, वायूच्या यंत्राने जाणे-येणे घडते आणि आकाशाच्या यंत्राने बाहुली बोलू लागते. शब्द हा आकाशाचा गुण, हे भारतीय दर्शनांतील सूत्र येथे कथेच्या कामी आले आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या वाचकाला जे विज्ञान ठाऊक होते, त्याच्याच भाषेत कथाकाराने बाहुलीचे बोलणे पटवून दिले. आजचा लेखक विजेची आणि गणकयंत्राची भाषा वापरील, एवढाच फरक.

त्याच ग्रंथात आणखी एक विलक्षण प्रसंग आहे. राजपुत्र नरवाहनदत्त एका नगरात शिरतो. रस्त्यांत माणसे ये-जा करीत आहेत, बाजार भरला आहे, पण कोणी बोलत नाही. जवळ जाऊन पाहतो तो सर्व नागरिक लाकडाचे. राजवाड्यात मात्र एक खराखुरा माणूस भेटतो. तो राज्यधर नावाचा सुतार. भावाच्या अपराधामुळे देशोधडीला लागून तो या ओसाड नगरात आला, आणि एकटेपणा घालविण्यासाठी त्याने आपल्या हातांनी ही प्रजा घडविली. कौशल्याने सर्व काही साधले, फक्त सोबत साधली नाही. नगर भरले, पण सुतार एकटाच राहिला. परमुलखात एका खोलीत दिवस काढणाऱ्या कारागिराला या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा उलगडा प्राणाचा. येथे कारागिराचे हात पुरत नाहीत. आकृतीत श्वास यावा लागतो. पार्वतीने अंगाच्या मळाची मूर्ती केली, तिच्यात प्राण घातला आणि दारावर बसविले, ही गणेशाची कथा मराठी घरात प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ख्रिस्ती व यहुदी धर्मग्रंथांतील उत्पत्तीच्या कथेत देवाने जमिनीच्या मातीपासून मनुष्य घडविला आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, असे सांगितले आहे. दोन दूरच्या परंपरा, पण दोन्हींत माती तीच आणि श्वास देणारा दुसरा कोणी तरी. या उलगड्याचे वैशिष्ट्य असे की, प्राण हे दान ठरते. ज्याने दिला त्याच्याशी नाते जडते, आणि नाते जडले की कर्तव्य येते. पार्वतीने मूर्तीला प्राण देऊन केवळ पहारेकरी मिळविला नाही. तिने पुत्र मिळविला. म्हणूनच त्याचे शिर उडाले तेव्हा तिने दुसरी मूर्ती केली नाही. तिने शोक केला आणि न्याय मागितला.

या दुसऱ्या वर्गातच बहुतेकांच्या मनात इटलीचा पिनोकिओ येतो. कार्लो कोलोदी याने ही कथा १८८१ पासून मुलांच्या एका नियतकालिकात क्रमशः लिहिली आणि १८८३ साली ती पुस्तकरूपाने आली. चित्रपटामुळे अशी समजूत झाली आहे की, परीने कांडी फिरविली आणि बाहुला जिवंत झाला. तो १९४० च्या डिस्ने चित्रपटाचा बदल. मूळ कथेत परी येण्याच्या पुष्कळ आधी लाकडाचा ओंडकाच बोलतो. एक सुतार त्यावर हत्यार उगारतो, तोच बारीक आवाजात विनवणी ऐकू येते. सुतार घाबरतो आणि तो ओंडका गरीब जेपेत्तोला देऊन टाकतो. लाकूड का बोलले, याचा खुलासा कोलोदी करीतच नाही. मात्र त्याच्या जगाचा कायदा तो फार चोखपणे मांडतो. या बाहुल्याला शाळेत जावे लागते, पोलीस त्याला पकडतात, न्यायाधीश त्याला तुरुंगात टाकतो. तो लाकडाचा आहे याचे गावाला फारसे आश्चर्य नाही. तो उनाड आहे याचीच तक्रार आहे.

त्या कथेतील एक प्रसंग विशेष मननीय आहे. पिनोकिओ बाहुल्यांच्या खेळाला जातो, तेव्हा रंगमंचावरील दोऱ्याच्या बाहुल्या त्याला ओळखतात, भाऊ म्हणून हाक मारतात आणि खेळ तसाच टाकून त्याला मिठी मारतात. खेळाचा मालक संतापतो. त्याचे मांस नीट भाजावयास लाकूड कमी पडत असते. तो पिनोकिओला चुलीत घालावयास सांगतो. त्याला दया येते खरी, पण मग तो दुसऱ्या बाहुल्याला आगीत टाकण्याचा हुकूम देतो. तेव्हा पिनोकिओ पुढे होऊन म्हणतो की, मित्राऐवजी आपल्यालाच जाळावे. बाहुली जिवंत कशी झाली हा प्रश्न येथे मागे पडतो आणि दुसराच प्रश्न समोर उभा राहतो. जो बोलतो, रडतो, मित्रासाठी मरावयास तयार होतो, त्याला केवळ तो आपल्या मालकीचा आहे म्हणून सरपण समजता येईल काय?

तिसरा उलगडा परकायाप्रवेशाचा. बाहुलीत स्वतःचा प्राण नसतो. दुसऱ्याचा आत्मा तिच्यात येऊन दडतो. मराठी प्रेक्षकांना याचे उदाहरण सांगण्याची गरज नाही. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटात तात्या विंचू नावाचा गुंड एका मांत्रिकाकडून मंत्र मिळवितो आणि मरतेवेळी त्या मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगविलेल्या भोळ्या शब्दभ्रमकाराच्या हाती. बाहुला घडविणारे व हलविणारे रामदास पाध्ये आणि त्याला आवाज देणारे दिलीप प्रभावळकर. कल्पना अमेरिकेतील १९८८ च्या एका चित्रपटावरून सुचलेली असली, तरी मराठी मनाला ती परकी वाटली नाही, कारण परकायाप्रवेश हा शब्द आणि मंत्राची शक्ती आपल्या कथांत पूर्वीपासूनच घर करून आहेत. या उलगड्यात बाहुलीचे माणसांत वावरणे हे घुसखोरीसारखे ठरते. बाहुला येथे शेजारी होऊ शकत नाही, कारण त्याला स्वतःचे असे काही नाही. त्याला दुसऱ्याचे शरीर हवे आहे. चित्रपटातील खरी भीती लाकडाची नाही. परिचित, लाडक्या, घरातल्या वस्तूच्या आडून अनोळखी हेतू बोलतो आहे, ही ती भीती आहे.

चौथा उलगडा गुप्ततेचा. बाहुल्या जिवंतच असतात, फक्त माणूस पाहत नसताना. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’ या अमेरिकन चित्रपटात खेळण्यांचा हा अलिखित नियम आहे. पावलांचा आवाज येताच सर्व जण निपचित पडतात. हा उलगडा मोठा सोयीचा. मुलाने सकाळी पाहिले तर बाहुली जागच्या जागीच असते, आणि तरीही काही खोटे ठरत नाही. परंतु त्या चित्रपटातही एका क्षणी नियम मोडला जातो. खेळण्यांची मोडतोड करण्यात आनंद मानणाऱ्या मुलासमोर ती उभी राहतात आणि त्याला समज देतात. म्हणजे गुप्ततेलाही एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा क्रूरतेची आहे.

राहिला पाचवा उलगडा. तो म्हणजे उलगडा न करणे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यशवंत पाध्ये यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला महाराष्ट्रापुढे आणिला. पुढे त्यांचे चिरंजीव रामदास यांनी त्याला आणि आवडाबाईला घरोघरी पोहोचविले. हा बाहुला जिवंत कसा, असे कोणी विचारले नाही. तो थट्टा करतो, उलट उत्तर देतो, प्रसंगी आपल्याच चालकाची फजिती करतो. एवढे त्याच्या जिवंतपणास पुरेसे झाले. शब्दभ्रमाची कला उघड कला आहे. प्रेक्षक आणि कलावंत यांच्यात एक करार असतो. तुम्हाला ठाऊक आहे की मी बोलतो आहे, आणि मला ठाऊक आहे की तुम्हाला ठाऊक आहे, तरीही दोघे मिळून बाहुलीचे ऐकू. फसवणूक नाही, म्हणून भीतीही नाही.

असा करार केवळ रंगमंचावरच होतो असे नाही. खानदेशात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गुलाबाई बसवितात. विदर्भात तिलाच भुलाबाई म्हणतात. मातीची गुलाबाई, तिच्याशेजारी मातीचा गुलोजी. सायंकाळी मुली जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ कोणता ते ओळखावयाचा खेळ करितात. गुलाबाई ही माहेरी आलेली लेक मानली जाते. तिच्यापुढे खाऊ ठेवला जातो. तिची सासरची सुखदुःखे गाण्यांतून सांगितली जातात. ती मातीची आहे हे सर्वांत लहान मुलीलाही कळते. ती जिवंत आहे की नाही, असा वाद मात्र कोणी घालीत नाही. लेक माहेरी आली आहे, तिचे स्वागत झाले पाहिजे, एवढे पक्के असते. गाव सोडून गुजरातेत नांदावयास आलेली एखादी स्त्री त्या मूर्तीपुढे दिवा लावते, तेव्हा तिचे स्वतःचे माहेर ताप्तीच्या काठाने दूर पूर्वेला राहिलेले असते. त्या मातीच्या लेकीचा पाहुणचार ती कोणत्या भावनेने करते, ते शब्दांत सांगण्याचे कारण नाही.

डिंडोलीपासून फार दूर नसलेल्या नवसारी येथेही अशीच एक रीत आहे. आषाढी अमावास्येला, ज्याला गुजराती लोक दिवासो म्हणतात, त्या दिवशी हळपती समाज ‘ढिंगला बापा’ नावाचा माणसाएवढा बाहुला करितो, त्याची मिरवणूक काढितो आणि पूर्णा नदीत त्याचे विसर्जन करितो. फार वर्षांपूर्वी साथीचा रोग पसरला असता ही रीत सुरू झाली, असे सांगितले जाते. गावावरचे संकट बाहुल्याने आपल्या अंगावर घ्यावे आणि नदीबरोबर निघून जावे, अशी श्रद्धा. तो एका दिवसापुरता गावकरी असतो, परंतु त्या दिवशी त्याचा मान सर्वांपेक्षा मोठा असतो. राजस्थानातील कठपुतळीवाल्यांतही जीर्ण झालेली बाहुली उकिरड्यावर न टाकता नदीला अर्पण करण्याची प्रथा सांगितली जाते. ज्याने माणसांत वावरून त्यांची सेवा केली, त्याला निरोप देण्याची रीत असते, हे या सर्वांना उमगले होते.

हे पाच उलगडे शेजारी शेजारी ठेवले, तर एक गोष्ट ध्यानात येते. यंत्राच्या कथेत बाहुली सेवक असते, प्राणाच्या कथेत ती संतान असते, परकायाप्रवेशाच्या कथेत ती शत्रू असते, गुप्ततेच्या कथेत ती मूक साक्षीदार असते आणि जेथे उलगडाच नाही तेथे ती पाहुणी असते. बाहुलीचे लाकूड सर्वत्र सारखेच. बदलते ते माणसाचे तिच्याशी असलेले नाते.

हा विचार आज केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. सोमप्रभेच्या करंडीतील चौथी बाहुली आता खरोखरीच घरात आली आहे. मुलाने प्रश्न विचारावा आणि हातातील यंत्राने मराठीत किंवा हिंदीत उत्तर द्यावे, ही गोष्ट डिंडोलीच्या चाळीतही नवलाईची राहिलेली नाही. ते यंत्र सौजन्याने बोलते, थकत नाही, रागावत नाही. एकट्या मुलाला त्याची सोबत वाटू लागली, तर त्यात त्या मुलाचा दोष नाही. आई-वडील दोन पाळ्यांत कामावर असताना जो त्याच्याशी बोलेल तो त्याचा मित्र. परंतु या बाहुलीच्या बाबतीत एक मोठा फरक पडला आहे. अर्धवटरावाच्या पाठीशी उभा असलेला माणूस सर्वांना दिसत होता; त्याचा गळा हलताना मुलांनी पाहिला होता. या नव्या बाहुलीचा सूत्रधार दिसत नाही. तो दूर कोठे तरी असतो, त्याचे हेतू त्याला ठाऊक, आणि शब्दभ्रमकाराचा तो प्रामाणिक करार येथे आपोआप होत नाही. तो करार घरातील मोठ्या माणसांना आणि शिक्षकांना मुलाबरोबर बसून करून द्यावा लागतो. हे यंत्र आहे, याचे दोरे दुसऱ्याच्या हाती आहेत, याच्याशी खुशाल बोल, पण राज्यधराच्या नगरात राहावयास जाऊ नकोस, एवढे तरी त्याला कोणी सांगावयास हवे.

आणि सांगणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांभाळावी. बाहुली लाकडाची आहे हे शिकविताना, बाहुलीला जेवू घालणारा मुलाचा हात मागे ओढू नये. बाहुलीला घास भरविणारे, तिला थंडी वाजेल म्हणून चिंधी पांघरणारे, पेटीत तिला भीती वाटते का असे विचारणारे मूल भाबडे असेल; पण दुसऱ्याच्या भुकेची आणि भीतीची चौकशी करण्याचा पहिला धडा ते तेथेच गिरवीत असते. हा धडा पक्का झाला, तर पुढे वर्गात नव्याने आलेला, निराळी भाषा बोलणारा मुलगा त्याला परका वाटत नाही.

बोलक्या बाहुलीचा खेळ करणारे अनुभवी कलावंत हे जाणतात. “तू जेवतेस का?” या प्रश्नाला ते स्वतः उत्तर देत नाहीत. बाहुलीची मान किंचित तिरपी होते, ती त्या मुलाकडे पाहते आणि उलट विचारते, “तू जेवलास का?” डिंडोलीतील एखाद्या शाळेत, सकाळच्या पाळीच्या वर्गात, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी “नाही” असे येते. तेव्हा शिक्षकाने तो खेळाचा भाग समजू नये. बाहुलीने आपले काम केलेले असते. पुढचे काम माणसांचे आहे.